कॉलेजात संघ सांभाळला, पुढे माणसं सांभाळली: नेमकं काय कामी आलं?

मध्यरक्षक

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करायचा विभाग, बघतो. मुलाखती घ्यायला बसलो की अर्जाच्या अगदी तळाला ‘आंतरविभागीय कबड्डी, संघनायक’ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं, आणि मंडळी ती ओळ ओलांडून थेट टक्केवारीकडे जातात. मी त्या ओळीवर थांबतो. तिच्यातून माणसाबद्दल गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळू शकतं, फक्त नीट विचारायला हवं. म्हणून हा धागा.

माझं सांगतो. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका कॉलेजकडून खेळलो, शेवटच्या वर्षी संघनायक होतो. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. तो बाजूच्या चौकटीत बसतो. आपण समोरचा एक टिपला की आपला एक परत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत. त्यामुळे हुकमी चढाईपटू बाहेर बसलेला असताना उरलेल्यांना दोन मोह होतात. एकतर प्रत्येकाला वाटतं आता मीच काहीतरी करून दाखवतो, किंवा सगळे घाबरून मागे सरकतात. दोन्हीत लोण बसतं, म्हणजे सगळा संघ बाद. आमच्या जिमखान्याचे सर सांगायचे, चार गडी आहेत ना, मग निदान रेषा ओलांडून या, तीस सेकंद खाऊन या, बोनसच्या नादी लागू नका. समोरचा आला की कोपऱ्यावरचा गडी हात घालेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. एक पकड झाली की आपला माणूस आत. तेवढा वेळ चौघांना शांत ठेवणं, हेच माझं संघनायकपण होतं.

नोकरीत हे जसंच्या तसं समोर आलं. आमच्याकडे डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बसवणारा एक फार जाणता कारागीर होता. तो आजारी पडून बरेच दिवस घरी राहिला. वरून निरोप, उत्पादनाचा आकडा खाली येता कामा नये. हाताखाली दोन तरुण पोरं, दोघंही स्वतःला सिद्ध करायला उतावीळ. मी अवघड डाय थांबवून ठेवल्या, सोप्या डायवर त्या दोघांना लावलं, लाइनचा वेग मुद्दाम कमी ठेवला आणि तसं वरिष्ठांना लेखी कळवलं. महिनाअखेरीस आकडा कमी आला, पण एकही डाय फुटली नाही आणि कुणाच्या बोटाला इजा झाली नाही. कारागीर परत आला तेव्हा त्याला मोडतोड निस्तरत बसावं लागलं नाही. हे मला कुठल्याही प्रशिक्षणवर्गात शिकवलेलं नव्हतं.

एक विनंती. जिद्द, चिकाटी, संघभावना हे शब्द बक्षीससमारंभात ऐकून झालेत. इथे प्रसंग लिहा. मैदानावरची कुठली सवय, नोकरीत कुठे, कशी उपयोगी पडली. आणि पडली नसेल तर तेही लिहा.

दादर_पश्चिम

छान विषय. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण इथे कॉलेज, क्लब आणि कचेरी ही एकच साखळी होती. कॉलेजातून रोहिंटन बारिया ही आंतरविद्यापीठ स्पर्धा, पावसाळ्यात क्लबकडून कांगा लीग, आणि नोकरी लागली की कचेरीकडून टाइम्स शील्ड. गावसकर निरलॉनमध्ये, अशोक मांकड मफतलालमध्ये, अजित वाडेकर स्टेट बँकेत. शनिवार-रविवार मैदान आणि सोमवारी टेबल.

त्यातले वाडेकर, पुढे भारताचे कर्णधार, मला या धाग्यासाठी सर्वांत जवळचे वाटतात. एल्फिन्स्टनला विज्ञान शाखेत होते, इंजिनिअर व्हायचं डोक्यात होतं. बसमध्ये बाळू गुप्त्यांनी विचारलं, आमच्या कॉलेजच्या संघाला बारावा गडी हवाय, येतोस का, दिवसाला तीन रुपये भत्ता मिळेल. ही आठवण ते स्वतः सांगायचे. म्हणजे सुरुवात पाणी नेण्यापासून.

आता १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातलं किंग्स्टन घ्या. कसोटीचा पहिला दिवस पावसाने गेला. भारत ३८७, त्यात सरदेसाईंच्या २१२. वेस्ट इंडिज २१७ वर आटोपले. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवसच वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरते. वाडेकरांनी त्यांचे कर्णधार सोबर्स यांना जाऊन सांगितलं, पुन्हा फलंदाजीला या. सोबर्स चकित झाले. सामना अनिर्णितच राहिला, पण वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादता येतो हे आपल्या ड्रेसिंग रूमने पाहिलं. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी सात गडी राखून जिंकली, आणि त्या एका विजयावर मालिका. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हल. चंद्रशेखरच्या ३८ धावांत ६ बळींनी इंग्लंड १०१ मध्ये गडगडलं आणि आपण इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकलो.

मला त्या फॉलोऑनमध्ये बँकेतला माणूस दिसतो. परिपत्रकातलं बारीक कलम ज्याला पाठ असतं आणि योग्य दिवशी आठवतं, असा.

आणि हीच व्यक्ती १९७४ मध्ये इंग्लंडला गेली तेव्हा तिन्ही कसोटी हरलो. लॉर्ड्सवर ४२ सर्वबाद. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी मिरवणुका काढल्या त्यांनीच शिव्या घातल्या. वाडेकरांनी खेळ सोडला, बँकेत काम करत राहिले आणि वर चढले. नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. १९९३ मध्ये अझरुद्दीनच्या संघाने इंग्लंडला घरी ३-० हरवलं तेव्हा व्यवस्थापक तेच होते. हरलेल्या संघाशी कसं बोलायचं हे त्यांना माहीत असणार, त्यांनी ४२ पाहिले होते.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका.

दादर_पश्चिम यांनी लिहिलेलं वाचायला सुंदर आहे, पण वाडेकर हे वाडेकर होते. कॉलेजात खेळून पुढे काहीच न झालेले हजारो असतील, ते धाग्यावर येत नाहीत. यशस्वी माणसाच्या आयुष्यात मागे जाऊन मैदान शोधलं की सापडतंच. दुसरं म्हणजे, जो मुलगा मुळातच धीट, तब्येतीने बरा, घरून दूध-अंडी मिळणारा, तोच संघात निवडला जातो आणि तोच पुढे साहेब होतो. मग खेळाने काय केलं?

या अडचणीवर अमेरिकेत बरं काम झालंय. पीटर कून आणि कॅथरीन वाइनबर्गर यांचा २००५ मधला अभ्यास सांगतो की शाळेत संघाचे कप्तान किंवा एखाद्या मंडळाचे अध्यक्ष राहिलेल्या पुरुषांची पुढची कमाई इतरांपेक्षा ४ ते ३३ टक्क्यांनी जास्त होती, बौद्धिक चाचण्यांमधले गुण सारखे धरूनही. केवळ खेळलेल्यांबद्दल हे विधान नाही, ज्यांनी जबाबदारीची जागा घेतली त्यांच्याबद्दल आहे. हा फरक मध्यरक्षक यांच्या मुद्द्याला धरून आहे.

त्याहून मोलाचं काम बेट्सी स्टीव्हन्सन यांचं, २०१० मधलं. १९७२ साली तिथे टायटल नाइन कायदा आला आणि शाळा-कॉलेजांना मुलींना खेळाची संधी द्यावीच लागली. म्हणजे धीट मुली आपणहून खेळायला आल्या असं नव्हतं, कायद्याने दार उघडलं. ज्या राज्यांत मुलग्यांचा सहभाग आधीपासून जास्त होता तिथे मुलींचाही जास्त वाढावा लागला. त्या फरकावरून त्यांनी हिशोब मांडला: शालेय खेळांतला मुलींचा सहभाग शेकडा १० ने वाढला, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण शेकडा १ ने आणि पुढे नोकरी करणाऱ्या स्त्रियांचं शेकडा १ ते २ ने वाढतं. परिणाम छोटा आहे, पण खरा आहे.

दोन्ही अभ्यास शाळेचे आहेत आणि अमेरिकेचे. आपल्याकडे विद्यापीठांकडे खेळाडूंच्या याद्या पडून आहेत. त्यांच्या पुढच्या वीस वर्षांचा माग कुणीतरी काढायला हवा.

कोल्हापुरी_चप्पल

आकडेमोड सर, घरून दूध-अंडी मिळणारा निवडला जातो हे आमच्याकडे लागू नाही ओ. आमच्या संघातली निम्मी पोरं कॉलेजच्या भत्त्यातली केळी-अंडी खायला मिळतात म्हणून सरावाला टिकायची.

खांबाजवळ

सर, तुमचं म्हणणं पटतं, तरी मला थोडं बोलायचंय. मुलींच्या बाबतीत आपल्याकडे निवड उलटी होते. ज्यांना खेळायचं असतं त्यातल्या बऱ्याच जणी घरच्यांनी काढून घेतलेल्या असतात. स्पर्धा बाहेरगावी असली, मुक्काम असला, की यादीतून एक-दोन नावं गळणार हे धरूनच आम्ही चालायचो. मी खो-खो खेळले, मराठवाड्यात. आता एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे.

पाठलाग करताना आठजणी चौकोनात बसलेल्या असतात, नववी धावते. पाठीवर हात आणि ‘खो’ एकदमच येतात, कुणाच्या मागे सुटायचं ते उठता उठता ठरवायचं. आमच्याकडच्या दोघी फार वेगवान होत्या आणि दोघींना वाटायचं समोरचीला आपणच गाठू. ताईंनी (आमच्या प्रशिक्षक, कॉलेजच्याच माजी खेळाडू) एक नियम केला होता. समोरची हाताच्या अंतरात नसेल तर तिसऱ्या पावलाच्या आत खो द्यायचा. दमल्यावर दिलेला खो उशिराचा असतो, कारण जिला मिळतो तिचा गडी तोवर पुढच्या खांबाला पोचलेला असतो.

महिन्याच्या पहिल्या तारखांना आमच्या शाखेत पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत जाते. आधीच्या पद्धतीत सर्वांत अनुभवी रोखपाल सकाळपासून एकटे काउंटर ओढायचे, आणि रोखीतला फरक यायचा तो नेहमी दुपारनंतर. मी आल्यावर दीड तासाने माणूस बदलायला सुरुवात केली, तो दमलाय असं त्याला वाटायच्या आधी. ते रोखपाल काका पहिल्यांदा दुखावले. त्यांना वाटलं माझ्यावर विश्वास नाही. त्यांना बसवून सांगितलं, काका, तुमची गरज चार वाजता रोख जुळवताना जास्त आहे, तेव्हा तुम्ही ताजे हवेत. मग पटलं.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. बचावाला तिघी-तिघी उतरतात आणि क्रम आधी लिहून द्यावा लागतो. पहिल्या तुकडीत उतरणं मानाचं समजतात. मी संघनायिका असताना स्वतःचं नाव तिसऱ्या तुकडीत लिहायचे, कारण शेवटची दोन मिनिटं उरली की घाबरणाऱ्या मुलींसोबत मैदानात मी असणं गरजेचं होतं. पहिल्या तुकडीच्या टाळ्या दुसऱ्या कुणाला मिळाल्या तरी चालतं, हे तेव्हा अंगवळणी पडलं आणि बँकेत फार उपयोगी पडलं. वसुलीचं श्रेय ज्या पोराने फेऱ्या मारल्या त्याच्या नावावर लिहिते. पुढच्या वेळी तो न सांगता जातो.

आमच्या भागातलं सर्वांत मोठं नाव धाराशिवच्या सारिका काळे यांचं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाच्या कर्णधार, सुवर्णपदक, आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. घरची इतकी ओढग्रस्त की एक वेळच्या जेवणावर दिवस काढले, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. आता तालुक्यातल्या एखाद्या बापाला मुलीला स्पर्धेला पाठवा म्हणून समजवायचं, तर त्यांच्याइतकं वजन कुणाच्या शब्दाला असेल? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. दोन्ही संघ जिंकले. त्या रात्री आमच्या जुन्या संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप पहाटेपर्यंत जागा होता.

दादर_पश्चिम

खांबाजवळ ताई, तिसऱ्या तुकडीचा मुद्दा फार आवडला. अनुमोदन.

कराडकर

सगळे खेळाडूंबद्दल बोलताहेत, मला जिमखान्याच्या सरांबद्दल आणि प्राचार्यांबद्दल बोलायचंय. मुलगा नेता होतो की नुसता ओरडणारा होतो, हे बऱ्याच वेळा त्यांच्यावर ठरतं.

आमच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. राजाराम कॉलेजात असताना वार्षिक स्पर्धेत उतरायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून नाव घेतलं नाही. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी उतरू दिलं आणि पोरानं अंगानं भारी असलेल्यांना चीत केलं. १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, तिथे सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीची वेळ आली तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईना. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. त्या काळचे सात हजार. खाशाबा बँटमवेट गटात ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मला या गोष्टीत नेता दिसतो तो खर्डेकर. आधी एका मुलाचं नाव यादीत घ्यायला लावलं, आणि पुढे त्याच मुलासाठी घर पणाला लावलं. खाशाबा १९५५ मध्ये फौजदार म्हणून पोलिसात लागले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पोलिसांतल्या पोरांना कुस्ती शिकवली. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. पदकानंतरची त्यांची कदर कशी झाली हे कराडात कुणालाही विचारा, लोक अजून हळहळतात.

तेव्हा मुलाखतीत मध्यरक्षक यांनी आणखी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं. तुमच्या जिमखान्याचे सर कसे होते? पोरगा काय सांगतो त्यावरून तो पुढे कसा साहेब होईल ते कळेल.

मध्यरक्षक

कराडकर, हा प्रश्न टिपून ठेवला. मी आतापर्यंत ‘सर्वांत वाईट हरलात तो सामना सांगा’ एवढंच विचारत होतो. जो पंचांवर घसरतो त्याच्याबद्दल सावध होतो. जो म्हणतो की उत्तरार्धात आमचा डावा कोपरा दमला होता आणि मी तो बदलायला हवा होता, त्याला दुसऱ्या फेरीला बोलावतो.

खाकी

मी खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून आलो. उपनिरीक्षक आहे. हँडबॉल, आंतरविद्यापीठ.

आधी कडू बाजू. या जागेवरून आलेल्या माणसाला पहिली काही वर्षं ‘कोट्यातला’ हा शिक्का घेऊन फिरावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यापासून तर खऱ्या खेळाडूकडेही लोक संशयाने बघतात. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी मला वर्षभर फक्त क्रीडा स्पर्धा आल्या की हाक मारायचे, तपासाचं काम द्यायचे नाहीत. खेळून आलेल्या पोराला पदकापुरतं वापरायचं आणि जबाबदारी द्यायची नाही, मग नेतृत्व येणार कुठून? कून-वाइनबर्गर यांचा जो फरक सरांनी सांगितला, तो मला इथे दिसतो.

आता कामी आलं ते. विसर्जनाचा बंदोबस्त. वीस-बावीस तासांचा. यादीप्रमाणे माणसं उभी करून मोकळं होता येतं. पण खेळलेल्या माणसाला सवय असते की कोणाचे पाय किती वेळ टिकतात हे डोळ्यांनी टिपायचं. माझ्याकडच्या एका हवालदारांचे गुडघे गेलेले, पण जमावाशी बोलायला त्यांच्यासारखा माणूस नाही. त्यांना चौकातल्या मंडपात खुर्ची देऊन मंडळांच्या कार्यकर्त्यांशी बोलणं सोपवलं. दोन नव्या पोरांना एकमेकांशेजारी न लावता प्रत्येकाच्या बाजूला एक जुना लावला. पहाटे तीनला ढोलपथकांची बाचाबाची झाली, ती त्या हवालदारांनी बोलूनच मिटवली. लाठीला हात लावावा लागला नाही. हँडबॉलमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात, त्यामुळे प्रशिक्षकाची नजर सतत बाहेर बसलेल्यांवर असते. ती नजर मला तिथूनच मिळाली.

बारावा_गडी

मी कधीच कर्णधार नव्हतो. कॉलेजच्या क्रिकेट संघात बहुतेक वेळ बाहेरच बसून असायचो, त्यामुळे कर्णधार जवळून बघायला मिळाले. सगळेच चांगले नव्हते. एक होता, झेल सुटला की सगळ्यांसमोर आईवरून शिव्या घालायचा, आणि संघ जिंकायचा म्हणून सरही गप्प बसायचे. अशा माणसाला मैदानाने काय शिकवलं? ओरडलं की काम होतं, हेच. असे साहेब मी नोकरीत पाहिलेत, आणि ते अभिमानाने सांगतात की आम्ही खेळाडू आहोत. खेळ आपोआप कुणाला चांगला नेता करत नाही.

याच्या उलट एक गोष्ट सत्या नडेला सांगतात, त्यांच्या शाळेच्या क्रिकेटची, हैदराबादची. ते ऑफस्पिन टाकायचे. एका सामन्यात त्यांची गोलंदाजी साफ बिघडली होती. कर्णधाराने त्यांना काढलं, स्वतः चेंडू घेतला, विकेट काढली. आणि पुढे काय केलं, तर चेंडू पुन्हा नडेलांच्याच हातात दिला. त्या सामन्यात नडेलांनी सात बळी घेतले. सामना जिंकायचा तर कर्णधार स्वतःच टाकत राहू शकला असता. पण हंगामभर त्याला या गोलंदाजाची गरज लागणार होती, आणि खचलेला गोलंदाज कामाचा नसतो. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखपदी पोचलेल्या माणसाला चाळीसेक वर्षांनी ही षटकं आठवतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखाद्या मुलीने लिहिलेल्या कोडमुळे रात्री यंत्रणा कोसळली, तर पहाटे दुसरे कुणीतरी दुरुस्त करतात. त्यानंतरचा पुढचा बदल तिच्याच हातून करून घ्यायचा, मी शेजारी बसायचं, हा माझा नियम आहे. नाहीतर ती पुढचे सहा महिने साध्या कामालाही हात लावायला घाबरते.

ओहायोची_आई

इकडचं, अमेरिकेतलं थोडं. माझी मुलगी कॉलेजच्या संघातून पोहते, डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खेळांतल्या त्या गटात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पहाटे पाचला पाण्यात. टीव्हीवर दिसतात ते डिव्हिजन वनचे फुटबॉलवाले. त्यांच्यासाठी हंगामात आठवड्याला २० तासांच्या सरावाची मर्यादा आहे, पण प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार त्यात धरत नाहीत, त्यामुळे पोरांचं प्रत्यक्षात पूर्णवेळचं काम होऊन बसतं. तिथे नेतृत्व शिकायला मिळतं असं म्हणताना अभ्यासाचं काय होतं हेही बघायला हवं.

मुलगी कर्णधार नाही. रिलेमध्ये तिसरी असते. तिला विचारलं काय शिकलीस, तर म्हणाली, माझ्यापेक्षा हळू पोहणाऱ्या मुलीसाठी तिच्या शर्यतीला काठावर उभं राहायला शिकले. गेल्या उन्हाळ्यात एका दवाखान्यात कामाला होती, तिथल्या बाईंनी कळवलं की नव्या मुलांना ही न सांगता हाताशी धरते. मला तेवढं पुरे आहे.

आकडेमोड

सगळं वाचतोय. एक लक्षात आलं ते नोंदवतो. मध्यरक्षक, खांबाजवळ, खाकी, बारावा_गडी, चौघांनी दिलेल्या प्रसंगांत जिंकलेला सामना एकही नाही. प्रत्येकात दुसऱ्या माणसाबद्दलचा निर्णय आहे: कुणाला थांबवायचं, कुणाला बदलायचं, कुणाच्या हातात पुन्हा द्यायचं. वर्गात असा निर्णय घ्यायची वेळ विद्यार्थ्यावर येतच नाही. गटाने प्रकल्प करायला दिला तर एक जण करतो आणि चौघं सही करतात, आम्ही शिक्षक गुण सारखे देतो. मैदानावर विसाव्या वर्षी हे निर्णय घ्यावे लागतात आणि परिणाम संध्याकाळी फलकावर दिसतो. आमच्या कॉलेजच्या पुढच्या बैठकीत जिमखान्याच्या तरतुदीचा विषय आहे. यंदा गप्प बसणार नाही.

एसवाय_बीएस्सी

मी इथे नवीन आहे, फक्त वाचत होते. सगळ्यांना नमस्कार. मला यंदा कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची संघनायिका केलंय. गुरुवारी विभागीय स्पर्धेसाठी बारा नावं द्यायची आहेत. अकरा ठरलीत. बारावी जागा माझी खोलीतली मैत्रीण किंवा पहिल्या वर्षाची एक मुलगी. मैत्रीण दोन वर्षं माझ्यासोबत खेळलीय, पण गुडघा दुखावल्यापासून तिची चढाई आधीसारखी राहिली नाही. नवीन मुलगी चपळ आहे, मात्र दडपणाखाली कशी खेळेल माहीत नाही. सर म्हणाले, तू ठरव. आम्ही दोघी एकाच डब्यात जेवतो. काय करू?

मध्यरक्षक

बाळ, पहिलं म्हणजे यादी फलकावर लागायच्या आधी तिला तू स्वतः सांग. जिला वगळायचं तिला ते फलकावरून कळता कामा नये, मग ती कुणीही असो. कारण एकच सांग, खरं तेच. दहा कारणं दिलीस की तिला वाटेल तू स्वतःलाच समजावते आहेस.

खांबाजवळ

मध्यरक्षक दादांशी सहमत, पण थोडी भर घालते. खोलीत सांगू नकोस. खोली तुमच्या दोघींची आहे, तिथे मैत्रिणी म्हणूनच रहा. मैदानावर, सरावानंतर सांग. आणि तिच्या गुडघ्याबद्दल तूच निर्णय देऊ नकोस, डॉक्टरांकडे पाठव. तिचं दुखणं लपवून खेळणं तुम्हा दोघींनाही परवडणारं नाही.

बारावा_गडी

ती बाहेर बसली तर तिला खरं काम दे. पाणी नेणं नव्हे. समोरच्या संघाची चढाई कुठल्या बाजूने सुरू होते, कोणाचा कुठला पाय पुढे असतो, हे वहीत टिपायला सांग आणि मध्यंतरात तिला संघासमोर बोलू दे.

एसवाय_बीएस्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांशी बोलले. उद्या सकाळी चाचणी ठेवलीय, दोघींना सारख्याच चढाया, सगळ्या संघासमोर. मैत्रिणीला आत्ताच मैदानावर सांगून आले. ती म्हणाली, मलाही हेच हवं होतं. संध्याकाळी डॉक्टरांकडेही जातोय. निकाल लागला की लिहिते.

मध्यरक्षक

उत्तम केलंस. चाचणीत बचावाला जे सात उभे करशील ते दोघींसाठी तेच ठेव, आणि दोघींच्या चढाया आलटूनपालटून घे. नाहीतर दुसरीच्या वेळी बचाव दमलेला असतो.